गोल्डन बांबूमधली पंगत

सूप आणि नूडल्स यांच्या मधे ओमकारनं विषय काढायचा, असं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे माधवीनं ठरवलं होतं आणि ओमकारनं मान डोलावली होती. घरी विषय काढला की आप्पा आवाज चढवतात, आप्पांचा आवाज चढला की ओमकारचं तोंड मिटतं, आणि एकदा मिटलं की महिना महिना उघडत नाही, हे सहा वर्षांच्या संसारात तिला पुरतं कळून चुकलं होतं. हॉटेलात चार परक्या माणसांत सासरे ओरडणार नाहीत. निमित्तही आयतं मिळालं. नांदेडहून आठ दिवस राहायला आलेली नणंद, शोभाअक्का, उद्या सकाळच्या गाडीनं परत निघायची होती. अक्काला बाहेर जेवायला नेऊ, हबसीगुड्याला नवीन चायनीज निघालंय, असं ओमकार म्हणाला आणि आप्पा चक्क "बरं" म्हणाले.

माधवीच्या पर्समध्ये, शर्वरीच्या रुमालाच्या घडीत, बेगमपेटच्या एका कंपनीचं पत्र होतं. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आज शनिवार.

नल्लकुंट्याहून दोन ऑटो करून सगळे 'गोल्डन बांबू'च्या दारात उतरले तेव्हा साडेसात वाजले होते. आत लाल कागदी कंदील लटकत होते आणि त्यांचा उजेड कंदिलांपुरताच होता. आप्पा उंबऱ्यावरच थबकले.

"दिवे गेलेत का रे?"

"नाही आप्पा, असंच असतं."

आप्पांना ते पटलं नाही. निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेला माणूस. त्यांनी मिशाळ वेटरला गाठलं आणि ठेवणीतल्या उर्दूत विचारलं, "क्यों मियाँ, इस अंधेरे में निवाला मुँह में जाएगा या नाक में?"

वेटर मूळचा तेलुगू. तो हसला. "नै सार, इदर ऐसाइच रैता. स्टाईल है."

"स्टाईल," असं म्हणून आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून टॉर्च काढला. गल्लीत संध्याकाळी वीज जायची म्हणून तो कायम त्यांच्या खिशात असे. टॉर्चच्या उजेडात त्यांनी आधी टेबल पाहिलं, मग खुर्ची, मग खुर्चीखालची फरशी, आणि मगच ते बसले. शर्वरी त्यांच्या एका बाजूला, ओमकार दुसऱ्या बाजूला. समोर शोभाअक्का पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत टेकली. तिच्याशेजारी माधवी. सगळे बसले. एक खुर्ची रिकामी राहिली.

चतुराबाई आप्पांच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"आई, बसा ना," माधवी म्हणाली.

"बसते की. यांचं होऊ दे आधी."

सासूबाई थट्टा करत नव्हत्या. वाढायला कोण, म्हणून त्या उभ्या होत्या. घरात जसं होतं तसं. पहिली पंगत पुरुषांची, पोरांची आणि आल्यागेल्याची, दुसरी बायकांची. शर्वरी झाल्यावर त्यातही फरक पडला होता. "लेकरू अंगावर पितंय, तू आधी खाऊन घे," म्हणून त्या सुनेला पहिल्या पंगतीलाच बसवायला लागल्या. पोर अंगावरची सुटून तीन वर्षं झाली तरी ते तसंच राहिलं. दुसऱ्या पंगतीला मग एकट्या चतुराबाई उरल्या. ओट्याकडं तोंड करून, उभ्यानंच, पातेल्यात राहिलेलं.

वेटरनं रिकामी खुर्ची मागं ओढली. "बैठो अम्मा. हम डालते ना."

"तुमी कामून घालता? मी हाय की."

शोभाअक्कानं हसत हसत आईचा पदर ओढला आणि तिला खाली बसवलं. "आई, इथं वाढायला माणसं ठेवलीत. तू बस गप."

त्या बसल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेवर. कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं, अशा बेतानं.

"आज शनिवार हाय," थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या. "त्यायची पळी वेगळी हाय का विचार."

"पळी बी अलग, कढई बी अलग, अम्मा," वेटरला मराठी समजत होतं असं दिसलं. "सूप वन बाय टू करूं सार? तीन का छे?"

"हौ," चार वर्षांची शर्वरी सगळ्यांच्या वतीनं म्हणाली. "और मंचुरिया."

स्वीट कॉर्न सूप आलं. आप्पांनी चमचाभर तोंडात घेऊन विचार केला. "मक्याचं पिठलं आहे. पातळ झालंय." पण त्यांनी वाटी संपवली. चतुराबाई शर्वरीचं सूप फुंकत होत्या, तळलेल्या नूडल्सची बशी सगळ्यांकडं फिरवत होत्या, शोभाअक्काच्या वाटीत मिरं टाकत होत्या. "डोहाळे हायेत, तिखट लागंल तुला." त्यांच्या स्वतःच्या वाटीवर साय धरली होती.

माधवीनं ते पाहिलं. मग तिनं ओमकारकडं पाहिलं. वाट्या रिकाम्या झाल्या होत्या, नूडल्स यायच्या होत्या. हीच ती वेळ.

ओमकारनं चमचा खाली ठेवला. घसा साफ केला. "आप्पा."

"काय?"

"सूप बरं होतं ना?"

"बरं होतं. मीठ कमी."

टेबलाखाली माधवीनं पायानं जोरात दाबलं.

"अगं बाई," शोभाअक्का म्हणाली, "माझा पाय."

माधवीचे कान तापले. अक्कानं तिच्याकडं पाहिलं, मग भावाकडं, पुन्हा तिच्याकडं. काहीतरी शिजतंय हे तिनं ओळखलं असावं. पण तिचंही काहीतरी शिजतच होतं, आणि धाकट्या भावाआधी बोलायची सवय तिला लहानपणापासूनची होती.

"बरं झालं सगळे एका ठिकाणी आहेत," ती म्हणाली. "आप्पा, डिसेंबरात मला दिवस भरतील. पहिल्या खेपेला इथं झालं, आता थोरल्याची शाळा आहे म्हणून तिकडं करायचंय. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांनाच उठवून बसवावं लागतं. आईला मी तीन महिने नेते."

"तीन महिने?" आप्पांनी टॉर्च टेबलावर उभा केला. "आणि माझं जेवण?"

"माधवी आहे की."

"हां. माधवी आहे." आप्पांनी जरा विचार केला. "ने मग. होळीच्या आत आणून सोड."

एवढ्यावरच ठरलं. गावाकडं शेताची वाटणी झाली तेव्हा एका बांधावरून चुलत्यांनी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. इथं सासूबाईंचे तीन महिने मंचुरियाची बशी यायच्या आत वाटले गेले. चतुराबाई शर्वरीचं तोंड पुसत होत्या. आपल्याविषयी बोलणं चाललंय असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

सासूबाई घरी आहेत, शर्वरीला बघतील, या एका गोष्टीवर माधवीनं सगळं उभं केलं होतं. दुपारी पोर निजली की हिमायतनगरच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकली, कानाला हेडफोन लावून टायपिंग शिकली, कधी भाजी आणायला जाते म्हणून, कधी सुलतान बाजारात शर्वरीचे फ्रॉक बघायला जाते म्हणून. बोटं इतकी वळली होती की पोळ्या लाटतानासुद्धा ती पोळपाटावर अक्षरं मोजायची. ओमकार आता बोलणार नव्हता. तो बडीशेपेच्या वाटीत काहीतरी शोधत होता आणि जेवण तर अजून झालंही नव्हतं.

तिनं पर्स उघडली.

"आप्पा, हे वाचता का जरा?"

आप्पांनी पत्र घेतलं. एका हातात कागद, दुसऱ्यात टॉर्च. इंग्रजी ते बोट लावून वाचत. उजेडाचा गोळा ओळीओळीनं खाली सरकत गेला आणि सहीवर येऊन थांबला.

"हे काय असतं? डॉक्टरांचं टायपिंग?"

"अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासला की टेपवर बोलून ठेवतात. त्या टेपा इकडं येतात. ऐकून टाईप करायचं."

"ते स्वतः का लिहीत नाहीत?"

"त्यांना वेळ नसतो."

"आणि तुला असतो."

ओमकार अखेर हलला. "आप्पा, टेस्टला साठ जण होते. त्यातल्या सहा जणांना घेतलं. पहिला नंबर हिचा आहे."

माधवीनं नवऱ्याकडं पाहिलं. उशिरा का होईना, बोलला होता.

"नंबराचं मी कुठं काय म्हणतोय?" आप्पांचा आवाज वर निघाला, पण पलीकडच्या टेबलावरचं कुटुंब वळून बघायला लागलं तसा खाली आला. माधवीचा तेवढा हिशेब बरोबर ठरला. "किती ते किती?"

"सकाळी सात ते साडेतीन."

"म्हणजे दुपारी तू नाहीस."

दुपारी सगळ्यांच्या आधी एकट्या आप्पांची ज्वारीची भाकरी असे. चतुराबाई ओट्याशी उभ्या राहून थापायच्या, टम्म फुगली की माधवी ती धावत ताटात नेऊन घालायची. एक संपते न संपते तोवर दुसरी. थापणारी एक आणि नेणारी एक, असं ते दोघींचं काम होतं. आप्पांनी निवलेली भाकरी शेवटची कधी खाल्ली ते त्यांनाही आठवलं नसतं.

"आणि माझं काय?" शोभाअक्काच्या आवाजात आता खरी धास्ती होती. "ही नोकरीला गेली तर शर्वरीसाठी आई इथंच अडकणार. मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू? माधवी, तू आठ दिवसांत मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात, अक्का?"

"मी पोटुशी आहे, ते काय बोलून दाखवायचं?"

"तुम्ही असं तीन महिने म्हणालात तर..."

"एक मिनिट," ओमकार म्हणाला, "दीड महिना इथं, दीड महिना तिकडं असं केलं तर?"

"आई काय सतरंजी आहे का, अर्धी इथं अर्धी तिथं अंथरायला?" अक्का म्हणाली. पण ते बोलल्यावर तिचाच आवाज अडखळला.

माधवीलाही ते लागलं. आपणही तेच करायला आलो की. ओमकारला सांगितलं, आप्पांची मनधरणी कशी करायची ते शंभर वेळा घोकलं. ज्यांच्या जिवावर नोकरी करायची त्यांना मात्र विचारलंच नाही. त्या नाही म्हणणार नाहीत असं धरूनच चाललो. त्यांना काय आवडतं, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. तिखट की गोड, एवढंही नाही.

वेटरनं वाफाळत्या हक्का नूडल्सची मोठी बशी मधोमध ठेवली. सगळ्यांच्या ताटात वाढून झालं. शेवटी चतुराबाईंच्या.

"आई," माधवी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला. "चुकलंच माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?"

चतुराबाईंनी ताटाकडं पाहिलं. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली होती. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"आधी जेवू द्या मला," त्या म्हणाल्या. "गरम हाय."

आणि त्या जेवायला लागल्या.

काट्याचमच्याच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. बोटांनी शेवया गुंडाळून घास केला. पहिला घास जिभेवर फिरवून पाहिला. मग सिरक्यात बुडवलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी जवळ ओढली आणि चार मिरच्या, थोडा सिरकाही, ताटात घेतला. पुन्हा घास घेतला आणि डोळे जरासे मिटले. सगळ्यांचे हात ताटात थांबले. शर्वरीसुद्धा एक लांब शेवई ओठातून लोंबती ठेवून आजीकडं बघत राहिली. शोभाअक्का सासूबाईंच्या पोटी जन्मली होती, आप्पांनी त्यांच्याबरोबर एकोणचाळीस वर्षं काढली होती. पण टेबलावरच्या त्या चेहऱ्यांवरून माधवीला कळलं, की चतुराबाईंना सावकाश, बसून, गरम जेवताना त्यांच्यापैकीही कुणी पाहिलेलं नव्हतं.

आंबट आणि तिखट. सासूबाईंना आंबट आणि तिखट आवडतं. माधवीनं ते मनात नोंदवून ठेवलं.

ताट निपटून त्यांनी कागदी रुमालाला बोटं पुसली, तो रुमाल नीट घडी करून ठेवला आणि चष्मा पुन्हा लावला. खुर्चीवर त्या आता पाठ टेकून बसल्या होत्या.

"शोभा, मी येते. सव्वा महिना. तुझं न्हाणं, शेक-शेगडी, लेकराचं अंग चोळणं, समदं करते. तीन महिने न्हाई. सव्वा महिन्यानं तू हिंडती-फिरती होशील, मग तुझ्या नवऱ्याला उठव जरा."

"आई..."

"ऐक. माधवी, तू सोमवारी जा. शर्वरी बारापर्यंत बालवाडीतच असती. तिला आणून जेवू घालणं मला काय जड न्हाई." त्या थांबल्या. "त्या टेपांवर आजारी माणसांची नावं असतात का गं?"

"असतात, आई."

"कोण कुठली बाई, तिकडं तिच्या पोटात दुखायलंय, अन् तू इथं बसून ऐकणार." त्यांनी मान हलवली. "नीट ऐकत जा मग."

"आणि तू नांदेडला असशील तेव्हा पोरीला कोण आणणार?" आप्पा म्हणाले.

"तुमी. रोज पेपर वाचायला लायब्ररीपर्यंत चालत जाता. बरकतपुऱ्याची बालवाडी त्याहून जवळ हाय."

"आप्पा, तुम्ही मला कांडीवालं आईस फ्रूट घ्यायचं," शर्वरीनं आपली अट घातली.

"आणि भाकरी?" आप्पांनी शेवटी विचारलंच. तक्रारीचा सूर नव्हता. खरंच पडलेला प्रश्न होता.

"सोमवारपासून समद्या भाकरी एकदाच थापून दुरडीत ठेवणार. मग शर्वरी, तुमी अन् मी, एका वक्ताला बसायचं. संध्याकाळी समदे. एकच पंगत. ज्याला जी येईल ती, गरम येवो का गार येवो." चतुराबाईंचा आवाज चढला नाही की ओला झाला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या. "वाढणारी आता घरात न्हाई. अन् मलाबी बसून जेवायचंय. तव्यावरची भाकरी कशी लागती, ते मला एवढी वर्षं तुमच्या तोंडाकडं बघूनच ठावं हाय."

आप्पांचा अंगठा टॉर्चच्या बटणावर होता. त्यांनी ते दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. टेबलक्लॉथवर उजेडाचं एक वर्तुळ येत-जात राहिलं. ओमकार बडीशेप विसरला होता. शोभाअक्कानं टेबलाखालून पाय सरकवला आणि माधवीच्या पायावर हलकेच ठेवला. या वेळी चुकून नव्हे.

"एवढी वर्षं बोलली नाहीस ती," आप्पा म्हणाले.

"कवा बोलणार? तुमी जेवत असायचा."

त्यावर शोभाअक्का फिसकन हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ते पत्र उचललं, कंपनीनं घातलेल्या घड्यांवरूनच पुन्हा नीट दुमडलं आणि माधवीपुढं धरलं.

"सात वाजता हजर म्हणजे घरातून सहाला निघावं लागेल. बेगमपेटची बस मी उद्या चौकात विचारून ठेवतो. पहिल्या दिवशी उशीर बरा नाही."

"हो, आप्पा," माधवी म्हणाली. पत्र तिनं पर्समध्ये टाकलं, रुमालात न गुंडाळता.

चतुराबाईंनी कापडी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात ताकभात होता. ताकभाताशिवाय आप्पांचं जेवण पुरं होत नसे, आणि चिनी माणसाचा काय भरवसा, म्हणून त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. त्यांनी झाकण उघडलं आणि सवयीनं उठायला लागल्या.

"बस," आप्पा म्हणाले. "माझा हात मोडलेला नाही." त्यांनी डबा स्वतःकडं ओढला आणि वेटरला हाक मारली. "मियाँ, ज़रा इधर आना. ये शेवया की एक प्लेट और. गरमागरम. मिर्ची के साथ."

"अहो, कोण खाणार आता?"

आप्पा डब्यातूनच ताकभात खायला लागले.

प्लेट आली. वेटरनं ती सवयीप्रमाणं टेबलावरच्या सर्वांत वयस्कर पुरुषापुढं धरली. आप्पांनी मान हलवली आणि टॉर्च पेटवून समोर रोखला. त्या लाल अंधारात उजेडाचं एक वर्तुळ चतुराबाईंच्या ताटावर पडलं.

"उधर," ते म्हणाले.

नूडल्स ताटात उतरल्या. वाफ उजेडातून वर चढत गेली. चतुराबाई लाजून इकडंतिकडं बघत होत्या.

"दिवा बंद करा. लोक बघायलेत."

"बघू दे," आप्पा म्हणाले. "निवायच्या आत खा."

एका हातानं ताकभात खात आणि दुसऱ्या हातानं टॉर्च धरून, चतुराबाईंचं ताट रिकामं होईपर्यंत आप्पा तसेच बसून राहिले.